कर्ज फेडायला मदत हवी? आधी फुकटची दारं ठोठवा, मग फी द्या



किराणा दुकान, पिठाची चक्की, कृषी केंद्र, शिलाईचं काम... धंदा कोणताही असो, आजकाल एक प्रश्न मला हमखास विचारला जातो. "सर, एका कंपनीचा फोन आला. म्हणतात, तुमचं सगळं कर्ज अर्ध्यात सेटल करून देतो, फक्त फी आधी भरा. भरू का?" दुसरा प्रश्न याच्या बरोबर उलटा. "बँकेत, सरकारी ऑफिसात फुकट सल्ला मिळतो म्हणतात. पण फुकटात कोण आपलं काम करणार?"

दोन्हींचं उत्तर आज एकदाच लिहून ठेवतो. व्हिडिओत आकडे आणि नियम भराभर निघून जातात, इथे ते सावकाश वाचता येतील.

माझं मत आधी सांगतो, कारणं नंतर. छोट्या व्यावसायिकाला कर्जाच्या अडचणीत लागणारी बहुतेक मदत फुकट मिळते, आणि ती कुणाची मेहेरबानी नसून आपला हक्क आहे. फी द्यायचीच असेल तर ठरावीक कामासाठी, ठरावीक रकमेत, पावती घेऊन द्या. कर्जाच्या रकमेवर टक्केवारी मागणाऱ्याला आणि काम होण्याआधी पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

फी नेमकी कशाची देतो आपण?

सेटलमेंट करून देणारा एजंट तुमच्यासाठी काय करतो ते बघा. बँकेला पत्र लिहितो, मॅनेजरशी बोलतो, वसुलीवाल्यांचे फोन घेतो. पत्र तुम्हालाही लिहिता येतं. मॅनेजर तुम्हालाही भेटतो. मग आपण पैसे का देतो? कारण हप्ता थकला की बँकेची पायरी चढायची लाज वाटते. शाखेत ओळखीचं कुणी दिसेल, मॅनेजर चारचौघांत बोलेल, गावात बोभाटा होईल. ते नको म्हणून माणूस लांबच्या शहरातल्या अनोळखी आवाजाला पैसे द्यायला तयार होतो.

या लाजेला मी हसत नाही. आपल्या जिल्ह्यात कर्जाच्या ओझ्याने काय झालंय ते मी तुम्हाला सांगायला नको. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतं. पण ही लाज टाळायची किंमत किती पडते, ते एकदा कागदावर मांडून बघा.

समजा, दारव्ह्यात तुमचं कृषी केंद्र आहे. बँकेचं कॅश क्रेडिट ३ लाख, फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन १ लाख ४० हजार, घरच्या ताईच्या नावावर मायक्रोफायनान्सचे ६० हजार आणि गावातल्या एका माणसाकडून शेकडा ५ ने घेतलेले १ लाख. एकूण ६ लाख. एजंट १५ टक्के फी मागतो. ९० हजार झाले. वर १८ टक्के जीएसटी धरला तर १६,२०० आणखी. एकूण १,०६,२००.

आता बघा, एवढ्या पैशात तुमचं सगळ्यात महाग कर्ज, तो शेकडा ५ वाला १ लाख, पूर्ण फिटतो. दर महिन्याचं ५ हजारांचं व्याज त्या दिवसापासून बंद. एजंटला दिले तर त्यातला एक पैसाही मुद्दलात जात नाही.

आणि एवढ्यावर भागत नाही. असे बरेच जण सांगतात, "बँकेचे हप्ते थांबवा, ते पैसे आमच्याकडे जमा करा, बँक आपोआप नरम येईल." बँक नरम येईल की नाही ते पुढचं पुढे. पण तुमचं खातं थकतं, दंड लागतो, क्रेडिट रिपोर्ट बिघडतो आणि नोटीस तुमच्याच दुकानावर येते. एजंटच्या नाही.

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२३ मध्ये लोकांना जाहीर इशारा दिला होता. काही मंडळी जाहिराती करून कर्जमाफीचं आमिष दाखवतात आणि सर्व्हिस चार्ज किंवा कायदेशीर फी घेऊन चक्क 'कर्जमाफीचं प्रमाणपत्र' देतात. असं प्रमाणपत्र द्यायचा त्यांना काहीही अधिकार नाही. अमेरिकेत तर २०१० पासून नियम आहे, की फोनवरून कर्जमुक्तीची सेवा विकणाऱ्या कंपनीने कर्जाचा निकाल लागण्याआधी फी घ्यायची नाही. तसा नियम आपण आपल्यापुरता घरीच करून टाकूया.

आपलं दुखणं अनेकदा कर्जाचं नसतं, तारखेचं असतं

यवतमाळ जिल्ह्यात धंदा कापूस, सोयाबीन आणि तुरीच्या पैशावर चालतो. वणी असो, पुसद असो की घाटंजी, जून-जुलैत माल उधारीवर जातो. गिऱ्हाईक म्हणतं, "कापूस निघाला की देतो ना भाऊ." ते खोटं बोलत नाही. पैसे दिवाळीनंतर येतात, कधी फेब्रुवारी उजाडतो. पण बँकेचा हप्ता दर महिन्याच्या ५ तारखेला कापला जातो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुकानदाराचा जीव जातो तो इथे. वर्षाचा हिशेब नफ्यात असतो आणि हप्ता मात्र थकलेला असतो.

अशा माणसाला सेटलमेंटची गरजच नाही. त्याला हप्त्याच्या तारखा हंगामाशी जुळवून घ्यायच्या आहेत. याला बँकेच्या भाषेत पुनर्गठन म्हणतात आणि ते मागायला एजंट लागत नाही.

रिझर्व्ह बँकेची मार्च २०१६ ची एक चौकट आहे, सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या थकू लागलेल्या कर्जांसाठी. २५ कोटींपर्यंतची कर्जं त्यात येतात. १० लाखांपर्यंतच्या कर्जाचा विचार शाखेने स्वतः, शाखा व्यवस्थापकाच्या अधिकारात करायचा आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे, बँक बोलवेल याची वाट न बघता धंदेवाला स्वतःहून अर्ज करू शकतो.

वेळेचं गणित पाठ करून ठेवा. हप्ता थकल्यापासून ३० दिवसांपर्यंत पहिली पायरी, ३१ ते ६० दुसरी, ६१ ते ९० तिसरी. ९० दिवस उलटले की खातं एनपीए. पहिल्या महिन्यात गेलात तर मॅनेजरच्या हातात बरंच काही असतं. ९१ व्या दिवशी तोच माणूस, तीच खुर्ची, पण त्याच्या हातातले पर्याय कमी झालेले असतात. म्हणून मी म्हणतो, एजंटच्या नादात जातात त्या पैशापेक्षा वाया जाणारे हे ९० दिवस जास्त महाग पडतात.

फुकटची दारं: कोणत्या कर्जाला कोणतं?

पहिलं दार तुमच्याच शाखेचं. जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. उद्यम नोंदणी, सहा महिन्यांचं खातेपुस्तक, उधारीची यादी आणि कोणत्या महिन्यात किती पैसे येतात त्याचा एका पानाचा तक्ता न्या. अर्ज दोन प्रतींत द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का-तारीख घ्या. (उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. त्यासाठीही लोक पैसे घेतात, हे ध्यानात ठेवा.)

दुसरं दार आर्थिक साक्षरता केंद्राचं. रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये बँकांना कर्ज समुपदेशनाची केंद्रं काढायला सांगितली, पुढे २०१२ पासून ती आर्थिक साक्षरता केंद्रं म्हणून चालू आहेत. आपल्या जिल्ह्याची लीड बँक सेंट्रल बँक ऑफ इंडिया आहे. लीड बँकेच्या यवतमाळच्या कार्यालयात विचारलं तर केंद्राचा पत्ता मिळेल. तिथे बसून उत्पन्न-खर्च मांडता येतो आणि अर्ज कसा करायचा ते समजून घेता येतं.

तिसरं दार रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचं. बँकेने चुकीचा चार्ज लावला, वसुलीवाले धमकावतात, कर्ज फिटूनही नो ड्यूज देत नाहीत, अशा तक्रारी इथे जातात. आधी बँकेकडे लेखी तक्रार करायची. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर लोकपालाकडे. फी शून्य. माहितीसाठी १४४४८ हा नंबर. आणि गंमत बघा, २०२१ च्या लोकपाल योजनेनुसार ही तक्रार वकिलामार्फत करताच येत नाही, स्वतः वकिलाचीच तक्रार असेल तर गोष्ट वेगळी. म्हणजे "लोकपालाकडे आमचा वकील तुमची केस लावेल" असं सांगून कुणी पैसे मागितले, तर तो काय विकतोय ते ओळखा. मात्र लोकपाल कर्ज कमी करून देत नाही. तो बँकेच्या सेवेतली चूक बघतो, एवढं लक्षात असू द्या.

वसुलीचेही नियम आहेत. बँक आणि फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्याने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही. मायक्रोफायनान्सच्या कर्जासाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ आहे. मायक्रोफायनान्सबद्दल आणखी एक गोष्ट ताईंनी वाचावी. मार्च २०२२ च्या नियमांनुसार हे कर्ज देताना घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कौटुंबिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात २० हजार येत असतील तर सगळे हप्ते मिळून १० हजारांच्या आत. आणि हे कर्ज मुदतीआधी फेडलं तर दंड लावता येत नाही.

चौथं दार आपल्याकडे फार कमी लोक ठोठावतात. ते सहकार खात्याचं, तालुक्याला सहायक निबंधक आणि जिल्ह्याला जिल्हा उपनिबंधक. महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा, २०१४ यांच्याच हातात आहे. परवान्याशिवाय व्याजाने पैसे देण्याचा धंदा करणं हा गुन्हा आहे आणि त्याला ५ वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. परवानाधारक सावकारालाही मनाला येईल तो दर लावता येत नाही. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. इतरांना तारणावर १५ आणि विनातारण १८ टक्के. हे दर वर्षाचे आहेत, महिन्याचे नाहीत.

शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. १ लाखावर वर्षाला १८ टक्क्यांनी महिन्याचे १,५०० होतात, तुम्ही ५ हजार देता. दामदुपटीचा जुना नियमही या कायद्यात आहे, सावकाराला मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. शेकडा ५ ने २० महिन्यांत व्याजच मुद्दलाएवढं होतं. वीस महिने व्याज भरूनही "मुद्दल अजून जसंच्या तसं आहे" असं कुणी म्हणत असेल तर हा हिशेब घेऊन निबंधकाकडे जा. बेकायदा सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल, तर मागच्या १५ वर्षांतल्या अशा व्यवहाराची चौकशी करून ती परत देण्याचा अधिकारही जिल्हा उपनिबंधकांना आहे. पतसंस्थेची तक्रारही याच खात्याकडे करायची.

पाचवं दार जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं, यवतमाळच्या जिल्हा न्यायालयात, आणि तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची मर्यादा आहे. हेल्पलाइन १५१००. लोकअदालतीत बँकेचं थकीत प्रकरण दावा दाखल होण्याआधीसुद्धा ठेवता येतं, कोर्ट फी लागत नाही. तिथे झालेली तडजोड अंतिम असते, त्यावर अपील नाही. म्हणून सही करण्याआधी आकडा नीट वाचा.

शेवटचं, क्रेडिट रिपोर्ट. "सिबिल सुधारून देतो, ५ हजार द्या" ही आणखी एक दुकानदारी. देशातल्या चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा तुमचा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. चूक असेल तर ऑनलाइन तक्रार मोफत. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. आणि जी नोंद खरी आहे ती पैसे देऊन पुसता येत नाही.

फुकटची दुसरी बाजू

आता उलट बाजूने बोलू, नाहीतर मी सरकारी जाहिरात करतोय असं वाटेल. फुकटच्या मदतीत तीन अडचणी आहेत. एक, ती हळू चालते. साहेब दौऱ्यावर, आज नाही उद्या या, हे होणारच. दोन, ती पाठपुरावा करत नाही. अर्जाची तारीख, पुढची फेरी, आठवण करून देणारं पत्र, हे सगळं तुमच्याच अंगावर. तीन, बँकेचा सल्लागार शेवटी बँकेचाच माणूस. तो चांगला असेल, पण बँकेच्या चुकीविरुद्ध तक्रार कशी लिहायची ते तो स्वतःहून सांगेल, अशी अपेक्षा ठेवू नका.

शिवाय फुकट दिसणारं सगळं फुकट नसतं. "सल्ला मोफत" म्हणणारा शेवटी तुम्हाला आणखी एक टॉप-अप लोन किंवा कर्ज देणारं ॲप सुचवत असेल, तर त्याची फी समोरची कंपनी कमिशन म्हणून देते आणि व्याजातून ती तुम्ही भरता.

मग फी कुठे द्यावी?

माझा साधा नियम असा. हातात तारखेचा आणि कायद्याच्या कलमाचा कागद आला, की वकील गाठा. चेक बाउन्सची नोटीस मिळाली तर पैसे भरायला १५ दिवस असतात. सरफेसी कायद्याखाली बँकेची मागणी नोटीस आली तर ६० दिवस, आणि त्या मुदतीत तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. त्यापुढे ताबा घ्यायची कारवाई झाली तर ४५ दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात जावं लागतं. इथे "बघू पुढच्या आठवड्यात" चालत नाही. शेतजमिनीवरच्या तारणाला आणि १ लाखापर्यंतच्या थकबाकीला सरफेसी लागत नाही, हेही चांगला वकील पहिल्याच भेटीत बघेल. ही फी वाचवू नका. परवडत नसेल तर वर सांगितलेलं विधी सेवेचं दार आहेच.

दुसरी योग्य फी म्हणजे सीएची किंवा हिशेब लिहिणाऱ्याची. कर्ज १० लाखांच्या वर असेल, दोन-तीन बँका असतील, तर पुढच्या बारा महिन्यांच्या आवक-जावकीचा तक्ता आणि पुनर्गठनाचा अर्ज नीट बनवून घ्या. कामाची रक्कम आधी ठरवा, पावती घ्या.

फी देण्याआधी समोरच्याला चार प्रश्न विचारा. फी ठरावीक आहे की टक्केवारीत? काम झालं नाही तर काय? बँकेशी बोलणी चालू असताना मी हप्ते भरत राहू का? आणि बँकेचं पत्र थेट माझ्या नावाने येईल का? चारांपैकी एकाचं उत्तर जरी गोल गोल आलं, तरी चहा पिऊन उठा.

सेटलमेंट कधीच करू नये असं मी म्हणत नाही. धंदा बंद पडला, घरात आजारपण आलं, फेडायची ताकदच उरली नाही, तर एकरकमी तडजोड हा खरा मार्ग आहे. जून २०२३ पासून रिझर्व्ह बँकेची त्यासाठी चौकट आहे. पण त्याची किंमत समजून करा. रिपोर्टमध्ये खातं 'सेटल्ड' म्हणून दिसतं, आणि शेतीकर्ज सोडून इतर कर्जांत ती बँक तुम्हाला किमान १२ महिने नवं कर्ज देऊ शकत नाही. पैसे बँकेच्या लेखी पत्रावर, थेट कर्जखात्यात भरा. एजंटच्या खात्यात कधीच नाही.

आणि कर्जमाफीची वाट बघत दुकानाचा हप्ता थांबवणाऱ्यांना एक विनंती. २००८, २०१७ आणि २०१९ च्या तिन्ही योजना शेतीकर्जासाठी होत्या. दुकानाचं कॅश क्रेडिट त्यात नव्हतं.

या आठवड्यात एवढं करा

एका कागदावर सगळी कर्जं लिहा. कुणाचं, किती शिल्लक, वर्षाला व्याज किती, किती दिवस थकलंय. ९० दिवसांच्या सगळ्यात जवळ असलेल्या खात्यावर खूण करा आणि त्या शाखेत सोमवारी सकाळी जा. जमलं तर घरच्या माणसाला सोबत न्या. घरी लपवलेलं कर्ज एजंटच्या सगळ्यात जास्त पथ्यावर पडतं, कारण तेव्हा गप्प राहायचे पैसेही तो घेतो.

आणि हिशेबाच्या पलीकडे मन फार खचलं असेल, रात्री झोप लागत नसेल, नको ते विचार येत असतील, तर कर्जाचा कागद बाजूला ठेवा आणि आधी १४४१६ ला फोन करा. ही टेलिमानस सेवा सरकारी आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. कर्जाला मुदतवाढ मिळते. त्यासाठी अर्ज करायला तुम्ही हवे आहात.

पुढच्या व्हिडिओत पुनर्गठनाचा अर्ज कोऱ्या कागदावर ओळीओळीने लिहून दाखवतो. तोवर कर्जाची यादी तयार ठेवा.